नखाएवढी साल

मला वाट बघता येत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत मी ओट्यापाशी तीन फेऱ्या मारते, लिफ्टचं बटण चारदा दाबते, आणि लेक शाळेच्या बसमधून उतरायच्या आत तिला दोन मेसेज गेलेले असतात. अशा बाईनं खरं तर झाड लावू नये. पण मी लावलं, आणि तेही आपट्याचं. दुबईत, इंटरनॅशनल सिटीत, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला लागून असलेल्या दोन हात रुंद मातीच्या पट्टीत.

रोप मिळालं ते घरापासून दहा मिनिटांवरच्या नर्सरीत. कांचनाच्या रोपांमध्ये एक वेगळंच उभं होतं. पान लहान, जाड, किंचित खरखरीत. मी बोटांनी चाचपलं आणि ओरडलेच, “अगं बाई, हा तर आपटा!”

“हळू,” नवरा म्हणाला. “लोक बघतायत.”

बघू देत. पुण्यात आम्ही दसऱ्याला सोनं म्हणून बाजारातून जे आणायचो ते निम्म्या वेळा कांचनच असायचं, हे मला फार उशिरा कळलं होतं. आणि इथे खरा आपटा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उभा. त्याला तसंच सोडून घरी यायचं? छे.

मातीची ती पट्टी अर्थातच आमची नव्हे. इथे व्हिसा दोन वर्षांचा, घराचा करार एका वर्षाचा, आणि कुंड्या म्हणाल तर प्रत्येक घर बदलताना शेजाऱ्यांना वाटलेल्या. म्हणून हे झाड मला जमिनीतच हवं होतं. बिल्डिंगचा मॅनेजर इजिप्तचा, स्वभावानं गरीब. त्याच्या मागे लागून लागून मी परवानगी काढली. “इन्शाल्ला, लावा,” तो म्हणाला. “पण नोव्हेंबरमध्ये बागकामाच्या कंत्राटदाराचा सर्व्हे असतो. वाळलेलं दिसलं की खलास, उपटणार. मग माझ्याकडे यायचं नाही.”

दोन नोव्हेंबर झाडानं काढले. उन्हाळ्यात एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी मी बादलीत साठवायची आणि सकाळ-संध्याकाळ खाली नेऊन घालायची. कंपनीचा माळी साठीच्या पुढचा, पाकिस्तानातल्या पंजाबचा. मी त्याला चाचा म्हणायची, तो मला बाजी, म्हणजे ताई. मी नसले की तो पाणी घालायचा. झाड माझ्या खांद्याला लागलं. खोड अंगठ्याएवढं झालं. मी त्याचे फोटो इतक्या जणांना पाठवले की माहेरचे लोक लेकीऐवजी आपट्याचीच खुशाली विचारायला लागले.

आमचा बागवेड्यांचा एक गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी एका उडपी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मग सगळे डोसा खातात. शारजावाले ट्रॅफिकमध्ये अडकतात, त्यामुळे साडेपाचचं भाषण सव्वासहाला सुरू होतं, आणि तोवर मी खुर्च्या सरळ करत फिरते. विषय शहरातल्या झाडांचे. वाळवंटातल्या गाफची मुळं पाण्यासाठी किती खोल जातात, इथे कुंपणाला लावतात त्या डमासची मुळं ड्रेनेजच्या पाइपात कशी घुसतात, असलं सगळं. गट चालवणारे एक इंजिनिअर, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनीच एकदा शिकवलं होतं की झाड मेलंय की नुसतं झोपलंय हे कळत नसेल, तर नखानं साल अगदी किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. “पण एकदाच हं,” असंही ते म्हणाले होते. ते मी ऐकलं नसावं.

सप्टेंबरात माझी पाळी आली. ‘वस्तीतली झाडं’ असा विषय होता, पण वस्ती दोन स्लाइडमध्ये आटोपली आणि पुढे सगळा आपटाच. शेवटच्या फोटोत झाड, मागे आमची बिल्डिंग, बिल्डिंगचा नंबर, सगळं ठळक. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी म्हणून गेले, “दसऱ्याला या ना सगळे, खरं सोनं बघायला!”

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

दसरा नेमका सुट्टीच्या दिवशी आला. सकाळी मीच खाली जाऊन पूजेसाठी पाच पानं तोडली. तबकात झेंडूशेजारी मांडली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. दहाच्या सुमारास बेल वाजली. गटातलं एक जोडपं, नटूनथटून, शारजाहून आलेलं. “ताई, सोनं बघायला आलो.” मी त्यांना खाली घेऊन गेले. त्यांनी झाडाला नमस्कार केला. बाईंनी हळदीकुंकू वाहिलं. मग दोघं नुसतेच उभे राहिले, आणि मीही. त्या घटकेला काय म्हणायचं असतं ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. माझ्या तोंडून निघालं, “अहो, घ्या ना! एवढ्या लांबून आलात. दोन-दोन घ्या.”

संपलं. त्यानंतर दिवसभर रीघ. गटातले आले, गटातल्यांचे शेजारी आले, शेजाऱ्यांच्या ऑफिसातले आले. कुणी ओरबाडलं नाही हो, सगळी सभ्य माणसं. प्रत्येकानं विचारलं, प्रत्येकानं दोनच घेतली, आणि प्रत्येकाला मी “घ्या ना” म्हटलं. नाही म्हणायला जीभ रेटेना. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला सोनं नाही म्हणायचं? अबू धाबीकडच्या मुसफ्फाहून एक गृहस्थ व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईला घेऊन आले होते, दीड तास गाडी चालवून. आजींनी दोन पानं पदराच्या टोकात बांधली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मला भरून आलं. मी म्हणाले, “आजी, अजून दोन घ्या.”

संध्याकाळी खाली गेले तेव्हा काठी उभी होती. बुंध्याशी हळदीकुंकू, अक्षता, एक पेढा. वर एकही पान नाही.

माझं डोकंच फिरलं. गटावर मी लांबलचक मेसेज टाकला. झाड म्हणजे काय फुकटचं दुकान आहे का, एका दिवसात बोडकं केलंत, थोडी तरी लाज वाटायला हवी होती, वगैरे वगैरे. “घ्या ना” मी म्हटलं होतं, ते मेसेजमध्ये नव्हतं. गटावर दोन दिवस कुणी अक्षर लिहिलं नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन. “मॅडम, तुमचं झाड वाळलंय.”

“वाळलं नाही. पानं तोडली लोकांनी.”

“मला तुम्ही सांगताय ते पटतं. पण सर्व्हेला येणारा माणूस पानं मोजतो, गोष्टी ऐकत नाही. तीन आठवडे आहेत.”

काकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “आपटा पानं गाळणारंच झाड आहे. पाणी द्या आणि वाट बघा.”

वाट बघा! ही काय सूचना झाली? डॉक्टरनं औषध न देता परत पाठवावं तशी मी चिडले. तरातरा खाली गेले, वाकावं न लागता हात पोचेल तिथे, कमरेच्या उंचीवर, नखानं साल खरवडली. आत हिरवं. ओलसर, कोवळं हिरवं. मला रडूच आलं. त्या रात्री शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना वाटलं, काल हिरवं होतं म्हणून आजही असेल कशावरून? कालची जागा तपकिरी पडली होती. म्हणून तिच्याशेजारी, नखाएवढीच, नवी जागा. हिरवं. हुश्श. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा. ऑफिसात मीटिंग चालू असताना बोटं टेबलाच्या कडेवर खरवडत बसायची. बॉसनं दोनदा विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, यल्ला, चला, पुढचा मुद्दा घ्या. डोक्यात एकच. कोंब आला का? नाही आला. मग आत जीव आहे का? आहे. उद्या असेल का?

तिसरा आठवडा लागला त्या सकाळी मी खोड चाचपत होते, आणि मागे चाचा पाइप घेऊन उभा. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक.

“बाजी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना.”

“बोलो.”

त्यानं पाइप खाली ठेवला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि खोडाभोवती एक बोट फिरवलं. हळूच, पूर्ण गोल. त्याच्या बोटाखाली माझे रोजचे ओरखडे होते, एकाला लागून एक, सगळे तपकिरी. मी शेजारी-शेजारी नखं लावत लावत कडं जवळजवळ पूर्ण केलं होतं. फक्त मागच्या अंगाला जेमतेम पेरभर साल उरली होती, आणि माझा हात त्या सकाळी तिथेच निघाला होता.

“पत्ते लोग ले गए, वो फिर आ जाते हैं,” चाचा म्हणाला. “पेड़ का खाना इसी छाल में चलता है, बाजी.”

“मैं तो सिर्फ देख रही थी, ज़िंदा है कि नहीं.”

“वही तो. रोज़ देख रही हो.”

मी वर आले. अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि कुणी केला ते सांगता येत नव्हतं. रात्री जेवताना मी सगळं सांगितलं, थोडं माझ्या बाजूनं वळवून. म्हटलं, बघा, काळजी करणाऱ्यालाच बोल. लेक यंदा बारावीला आहे, पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल. तिनं फोनमधून मान वर न करता म्हटलं, “वेल आई, यू डू दॅट टू एव्हरीवन.”

“काय म्हणालीस?”

“नथिंग.”

मला झोंबलं ते झोंबलंच. मी उठून ताटं उचलायला लागले.

सर्व्हेला सहा दिवस होते. मी ठरवलं, खाली बघायचंच नाही. तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते. पार्किंगकडच्या दारानं जायचं सोडून मागच्या दारानं, कचऱ्याच्या डब्यांपासून जायला लागले. गॅलरीचा पडदा ओढून घेतला. एसीची बादली दारात भरून ठेवायची, ती नवरा नेऊन घालायचा. तो वर आला की मी त्याचा चेहरा वाचायला बघायची. “विचारू नकोस,” तो म्हणायचा. हात नुसते शिवशिवायचे. लेकीला मेसेज करायला फोन उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. सहा दिवसांत मी कपाटं आवरली, मसाल्याच्या बरण्या धुतल्या, नखं अगदी मुळापर्यंत कापली.

सर्व्हेच्या सकाळी मॅनेजरनं खाली बोलावलं. टॅबलेट घेतलेला कंत्राटदाराचा माणूस, चाचा, आणि मी. आधी मला वरची काठीच दिसली. कोरडी, सुरकुतलेली, फांद्यांची टोकं काळी. तो माणूस बोट टॅबलेटकडे नेत होता तेवढ्यात चाचानं गुडघ्यापाशी हात दाखवला.

कड्याच्या खाली दोन कोंब होते. प्रत्येकावर पानं, अजून न उलगडलेली, हात जोडल्यासारखी मिटलेली. कड्याच्या वर मात्र काही नाही. जिथवर माझं नख पोचलं होतं तिथून खाली झाड जिवंत होतं. वर मेलेलं होतं.

“ज़िंदा है,” चाचा म्हणाला.

त्या माणसानं फोटो काढला. “ओके. राहू दे. पण वरचं वाळलेलं काढून टाका.”

मॅनेजर खुशीत म्हणाला, “मुबारक, मॅडम!” मीही हसले. झाड राहिलं होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं.

चाचानं मोठी कात्री आणली. कुठून कापायचं हे विचारायची गरजच नव्हती, खूण मीच करून ठेवली होती. तरी त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, “यहाँ से, बाजी?” मी मान हलवली. एकाच दाबात वरचं सगळं त्याच्या हातात आलं. दोन वर्षांची उंची. खांद्याला लागणारं झाड कमरेशी आलं.

त्याच संध्याकाळी मुसफ्फाच्या त्या गृहस्थांचा मेसेज आला. गटावर नाही, मला एकटीला. “ताई, आई गावी परत गेली. तुमचा तो मेसेज मी तिला वाचून दाखवायला नको होता. तेव्हापासून तिच्या मनाला लागलंय. रोज फोनवर विचारते, माझ्यामुळे त्या बाईचं झाड गेलं का? पानं तिनं देवाजवळ ठेवली आहेत. म्हणते, परत पाठवता आली असती तर पाठवली असती. आम्हाला माफ करा.”

मी गॅलरीत उभी होते. कापलेली काठी कठड्याला टेकवून ठेवली होती. लेक आत अभ्यासाला बसली होती, दार लावून. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. तिन्हीमध्ये कुठे ना कुठे “जाऊ दे हो, झालं ते झालं” असं होतं, म्हणजे दोष त्यांच्याकडेच राहत होता. मग लिहिलं ते आधी गटावर टाकलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि नंतर त्यांना पाठवलं.

“आजींना सांगा, त्यांची पानं परत आली. तुम्हा सगळ्यांची आली. आणि ती मीच दिली होती, घ्या ना, घ्या ना करून. झाड अर्धं गेलं ते माझ्या नखानं.”