स्वावाच्या डाव्या हातातला गिअर

केटिलच्या उजव्या हाताची बोटं मासेमारीच्या जहाजावरच्या, जाळं ओढणाऱ्या एका विंचने नेली, तेव्हा तो तरुण होता आणि त्याच्याकडे उंच चाकांची एक करडी जीपगाडी होती. बोटांचं दुःख त्याने फारसं केलं नाही. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला; आता तो कसा बदलायचा, याचं मात्र बरंच केलं. गाडीचं नाव ग्राउना, म्हणजे करडी घोडी. आमच्याकडे उत्तरेत घोड्याला आणि गाडीला नाव असतंच. माणसांना नावं ठेवायचं काम वेगळं चालतं.

त्या सप्टेंबरात मेंढ्या पठारावरून खाली आणायचे दिवस होते. केटिल हाताला फडकी गुंडाळून वरच्या झोपडीत कॉफी उकळण्याच्या कामावर होता. परतायच्या सकाळी सगळे घोड्यांवर आणि मेंढ्यांमागे. ग्राउना खाली कोण नेणार, हा प्रश्न उरला. शेजारच्या शेतावरची स्वावा घोड्यावरून पडून पाय मुरगळून बसली होती. ती डावखुरी. ट्रॅक्टर चालवायची, पण जीप कधी हातात घेतलेली नव्हती.

"तू शेजारी बस," केटिल म्हणाला. "क्लच मी दाबतो, स्टिअरिंग माझं. मी 'आता' म्हटलं की गिअर तू टाक."

पहिल्या चढावर त्याने 'आता' म्हणायला तोंड उघडलं, तोवर गिअर पडला होता. दुसऱ्या चढावर तसंच. नदी ओलांडताना त्याने मुद्दाम तोंड मिटून ठेवलं, तरीही गिअर वेळेवर पडला. खाली मेंढवाड्यापर्यंत दोघं दुसरं काही बोलले नाहीत. आमच्याकडे याला मागणी घालणं म्हणतात. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ग्राउना दोघांनी मिळून चालवली. केटिलचा डावा गुडघा हलला की स्वावाचा डावा हात हलायचा. त्यांची मुलगी मागच्या सीटवर वाढली. मैत्रिणीचे वडील एकटेच गाडी चालवतात हे पाहून ती घाबरून घरी आली होती. भांडण झालं की स्वावा गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवायची. ग्राउना चर्चवरून कण्हत गेली, की गाव समजून जायचं. जिल्ह्याचा पोलीस त्यांना नुसता हात करायचा, कारण परवाना दोघांपैकी कोणाचा मागावा हे त्याला कधी ठरवता आलं नाही.

मग एका वसंतात ग्राउनाच्या इंजिनाने मान टाकली. वय झालं होतं. केटिलने ती ओढून ह्याल्टीच्या शेडमध्ये नेली. ह्याल्टी गावाचा मेकॅनिक. बोलणं कमी, आणि जे आहे ते नटबोल्टांविषयी. त्याच्याकडे बर्फावरून घसरून उलटलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन पडून होतं.

"इंजिन बसेल," ह्याल्टी म्हणाला. "पण तुझा जुना गिअरबॉक्स याचा जोर झेलायचा नाही. पहिल्याच चढाला दात पडतील त्याचे. गिअरबॉक्स नवा निवड."

निवडायला दोन होते. एक इंजिनाबरोबरच आलेला ऑटोमॅटिक, इंजिनाला अजून चिकटलेला. दुसरा एका जुन्या लॉरीचा हाताने टाकायचा, शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली. तो बसवायचा तर मधलं जोडकडं लेथवर नव्याने घडवावं लागणार होतं.

"मी असतो तर ऑटोमॅटिक घेतला असता," ह्याल्टी म्हणाला. "मऊ बर्फात गिअर बदलायला क्लच दाबलास की जोर तुटतो, गाडी तिथेच खाली बसते. ऑटोमॅटिकचा जोर तुटत नाही. तेल तापतं, पण त्याला पुढे एक कूलर लावू. आणि मुख्य म्हणजे तुला एकट्याला चालवता येईल की!"

हे शेवटचं वाक्य ह्याल्टीने आनंदाची बातमी द्यावी तसं दिलं होतं. केटिलला ती तशी वाटली नाही.

कारण गेले दोन हिवाळे स्वावा वर यायला कुरकुरत होती. ईस्टरला ग्लेशियरवर जायचं ठरलं की तिच्या बहिणीची तब्येत बिघडायची. शरदात मेंढ्यांच्या वेळी जॅम करायचा राहिलेला असायचा. आली तरी गप्प. केटिलने याचा अर्थ मनाशी लावून टाकला होता: कंटाळली. ती येते ते गिअर टाकायला दुसरं कोणी नाही म्हणून. गिअर गेला तर ती घरी राहील, आणि आपण पठारावर एकटे हिंडू, मऊ बर्फात जोर न तुटता.

ती कंटाळली आहे का, हे तिला विचारता आलं असतं. पण इतकी वर्षं काही विचारावं लागलं नव्हतं, त्यामुळे त्याला सवय नव्हती.

"मला हाताचाच पाहिजे," तो म्हणाला. "उतारावर इंजिनाचा ब्रेक लागतो."

गावात पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचा हौद आहे. गावाचे सगळे निर्णय त्यात बसून होतात, ग्रामसभा ते फक्त कागदावर उतरवते. केटिल हौदात उतरला तेव्हा विषय आधीच पाण्यात होता.

"अरे, ऑटोमॅटिक नको म्हणतोस म्हणे?" निवृत्त पाद्री बोद्वार म्हणाला. याने आयुष्यात बॉनेट उघडलेलं नव्हतं, पण मत द्यायला ते उघडावं लागत नाही.

"तेल तापतं," केटिल म्हणाला.

"कूलर लाव."

"बॅटरी उतरली तर ढकलून सुरू होत नाही."

"दोन बॅटऱ्या लाव. आणि स्वावाला जरा मोकळं कर बाबा! किती वर्षं जुंपलंयस तिला. मी लग्न लावलं तेव्हा त्यात गिअरबॉक्सचा उल्लेख नव्हता."

हौद हसला. केटिलही हसला, कारण पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. अख्खं गाव त्याला आणि त्याच्या बायकोला एकमेकांपासून मुक्त करायला निघालं होतं, तेही प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी तो ह्याल्टीकडे गेला आणि म्हणाला, "लॉरीचाच बसव. फक्त गिअरचा दांडा जरा उजवीकडे वाकव."

"उजवीकडे? तू डावीकडे बसतोस."

केटिल उजवीकडच्या रिकाम्या सीटवर चढून बसला. अंग थोडं लहान करून, खांदे पाडून, डावा हात पुढे केला. तो हात कुठवर पोचतो, ते त्याने मनगट हलवत नीट पाहिलं.

"इथे," तो म्हणाला.

ह्याल्टीने त्या जागी खडूने खूण केली. खूप वेळ त्या खुणेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं."

आठवड्याने केटिल शेडमध्ये आला, तर इंजिन ग्राउनाच्या पोटात बसलेलं आणि त्याला ऑटोमॅटिक जोडलेला. लॉरीचा गिअरबॉक्स पोत्याखाली परत गेला होता.

"हे कोणी सांगितलं?"

"जिचा हात आहे तिने," ह्याल्टी म्हणाला, आणि ग्राउनाखाली सरकला. तिथे त्याला काही काम नव्हतं.

केटिल घरी पायी गेला. स्वावा स्वयंपाकघरात टेबलाशी विणत बसली होती. त्याने कॉफी ओतली, तिच्यासमोर बसला. बोलायला लागल्यावर मात्र तो विंचने बोटं नेली तेव्हा बोलला नव्हता तितकं बोलला. उतार, इंजिनाचा ब्रेक, तेलाचं तापमान, दोन बॅटऱ्यांचं वजन.

"झालं?" स्वावा म्हणाली.

"झालं."

तिने विणकाम खाली ठेवलं आणि डावा हात वर उचलला. तो खांद्याच्या वर गेला नाही. तिथेच थांबला आणि खाली आला.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "गिअर टाकला की खांद्यात कळ येते. कपडे दोरीवर उजव्या हाताने टाकते मी. तुला दिसलं नाही."

केटिलला खरोखरच दिसलं नव्हतं. तिचा हात गिअरवर असताना त्याने तो हजारदा पाहिला होता. दोरीशी असताना कशाला पाहील?

"म्हणून बहीण आजारी पडायची?"

"मग काय! ती ठणठणीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू गाडी विकून टाकली असतीस आणि खिडकीशी बसला असतास. मला ठाऊक आहेस ना तू."

"मला वाटलं, कंटाळलीस."

"कशाला?"

त्याने हाताने पठाराकडे, बर्फाकडे, गाडीकडे आणि बहुधा स्वतःकडेही, अशी एक मोघम खूण केली.

"ह्याल्टीने ती खडूची खूण दाखवली मला," स्वावा म्हणाली. "कळलं मला कशाला ते. पण अरे, इतकी वर्षं मी वर येतेय आणि पाहिलं काय? रस्ता, तुझा गुडघा आणि गिअरची मूठ. वरून कोणते डोंगर दिसतात, ते मुलगी सांगते तेव्हा मला कळतं. आणि एक सांगू? तू मला 'येतेस का' असं कधी विचारलंच नाहीस. तुझं आपलं, 'चल, निघायचंय.' गिअरला कोण विचारतं?"

केटिलने कॉफीचा कप फिरवला. असा चढ त्याच्या वाटेत कधी आला नव्हता, आणि या वेळी त्याच्यासाठी गिअर टाकायला कोणी नव्हतं.

"येतेस का?" तो म्हणाला.

"कुठे?"

"वर. पुढच्या ईस्टरला."

"बघते," स्वावा म्हणाली आणि विणकाम उचललं. पुढचा सगळा हिवाळा तिने त्याला या एका शब्दावर ठेवला. इतक्या वर्षांचं उसनं होतं, ते एका संध्याकाळी फिटणार नव्हतं. पण मार्चमध्ये तिने वाटेत खायचं मटण धुरावर टांगलं, आणि ते दोघांना पुरेल इतकं होतं.

ईस्टरच्या शुक्रवारी ग्लेशियरच्या काठावर केटिलने गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा सोडली, इतकी की चाकं बर्फावर भाकरीसारखी पसरली. मग ग्राउना चढू लागली. इंजिन नवं, आवाज नवा, फक्त दारातून येणारी वाऱ्याची शिट्टी जुनी. उजव्या बाजूला सगळे डोंगर उघडे पडले होते. स्वावा काचेला नाक लावून त्यांची नावं विचारत होती, आणि केटिलला निम्मी येत नव्हती. तोही इतकी वर्षं रस्त्याकडेच पाहत आला होता.

बर्फ मऊ लागला. केटिलचा डावा गुडघा आपोआप हलला. तिथे क्लच नव्हता. त्याच क्षणी स्वावाचा डावा हात मांडीवरच्या विणकामावरून थोडा उचलला गेला, आणि परत त्यावर गेला. दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

इंजिन जरा वेळ कण्हलं. मग गिअर आपला आपण पडला आणि ग्राउना तरंगत वर निघाली.

"उशीर केला मेल्याने," स्वावा म्हणाली.

पुढच्या चढावरही ती हेच म्हणाली. त्याच्या पुढच्या चढावर म्हणाली, "आता घाई केली. याला कान नाहीत का?" गाडीत दोघांमध्ये कोणी तिसरा आलाय आणि त्याला नावं ठेवायची सोय झालीय, हे केटिलच्या हळूहळू ध्यानात आलं. त्याचे खांदे सैल पडले. त्याने धुरावलेल्या मटणाची पोळी मागितली आणि तिने ती त्याच्या तोंडात दिली, उजव्या हाताने.

"नवा आहे तो," केटिल चावत म्हणाला. "शिकेल."

"मी पहिल्याच चढाला शिकले होते," स्वावा म्हणाली.