भातावरचं खोबरेल

काल नातीनं कढईत खोबरेल तापवलं आणि त्या वासासरशी मी लातूरच्या आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीत जाऊन बसले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या वर्षी पावसाळ्यात पावसानं दडी मारलेली, थंडीपर्यंत गावाकडची म्हैस आटलेली, घरात साजूक तुपाचा थेंब नव्हता. तापातून उठलेला माझा दोन वर्षांचा शिवा अन्नाला तोंड लावत नव्हता. मी मात्र वनस्पती तुपाचा नवाकोरा डबा आणून मोठ्या तोऱ्यात होते. जिल्ह्याच्या गावात राहणारी ना मी! त्यातला गोळा भातात कालवला, तर पोरानं पहिलाच घास थुंकला.

शेजारच्या वहिनी कोकणातल्या. नवऱ्याच्या बदलीपायी नव्या जिल्हा कचेरीबरोबर आलेल्या. त्यांनी माहेरच्या घाण्याचं, थंडीनं थिजलेलं खोबरेल आणलं आणि चमचाभर वाफाळत्या भातावर ठेवलं.

"अवं वहिनी, ते डोक्याला लावायचं हाय!" मी ओरडले.

"गप गं," चुलीपाशी बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या. "खाऊ तर दे लेकराला."

तो पांढरा खडा बघता बघता पाण्यासारखा नितळ झाला आणि शिताशितावर चमकला. हंडे कोरडे पडलेल्या त्या खोलीत ओल्या नारळाचा वास भरून राहिला. शिवानं घास गिळला आणि पुन्हा आ केला.

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, मग माझ्याकडे वळल्या. "डोक्याचं तेल पोरानं खाल्लं, सूनबाई. आता तुझ्या डब्यातलं तूप तू डोक्याला लाव!"