रिलीव्हर आला का?

आमच्या अण्णांना सिनेमा एकाच जातीचा लागायचा. कुणीतरी अंतराळात अडकलाय, यान बिघडलंय, हवा संपत आलीय आणि तो पठ्ठ्या जीव वाचवायला धडपडतोय. सगळे हिंदीत डब केलेले, दुपारी टीव्हीवर लागणारे. मी पहिली शिफ्ट करून घरी यायची, तर माझे वडील खुर्चीत बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि समोर पडद्यावर दुसरा एक जण तशीच नळी लावून धापा टाकतोय. वैताग यायचा मला. घरात ते ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरतंय, तेवढं कमी म्हणून टीव्हीतही तेच!

अण्णांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात गेली. चाकणजवळच्या गावातून ते कामासाठी इकडे आले, आणि मी आता संत तुकाराम नगरातून कंपनीच्या बसनं चाकणला कामाला जाते. फाउंड्रीची धूळ त्यांच्या छातीत बसली ती कायमची. पण डोकं अजून कारखान्यातच होतं. सिनेमाही ते तिथूनच बघायचे.

“मेंटेनन्स न्हाई, दुसरं काय! येवढं मोठं यान आन् धड पाना सापडंना व्हय?” असं चालायचं. एकदा सिनेमात एका गड्याला परक्या ग्रहावर सोडून बाकीचे निघून गेले, तेव्हा तर ते खुर्चीतून उठायला लागले. “रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडतोच कसा मानूस?”

रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो येऊन शेजारी उभा राहीपर्यंत आपलं मशीन सोडायचं नाही, हा अण्णांचा धर्म. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, त्या दिवशी नेमका त्यांचा रिलीव्हर आला नाही. भट्टीत लोखंड वितळलेलं, ते टाकून निघता येत नाही, हे मला कळतं. मीही कंपनीत असेंब्ली लाइनवर उभी राहते. पण ते आले तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. त्यानंतर मी त्यांना जेवू घातलं, औषधं दिली, नळ्या बदलल्या, आणि राग मात्र होता तिथंच राहिला. बोलले कधी नाही. रोज इतकी दमून यायची की भांडायचासुद्धा कंटाळा.

त्यांचं मशीन विजेवर चालायचं. लाइट गेली की कोपऱ्यातला सिलिंडर लावायचा. त्याला एक काचेची नळी, नळीत एक छोटी गोळी. बटण फिरवलं की गोळी वर जाते, म्हणजे हवा जास्त. डॉक्टरांनी गोळी कुठं ठेवायची ते खूण करून दिलेलं. आता, आमच्याकडे गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही गुरुवारीच. त्यामुळे बुधवारी भरलेला सिलिंडर आणून ठेवायचा, गुरुवारी मी घरी असायचीच. ठरलेलं होतं सगळं.

त्या आठवड्यात कंपनीनं माल पाठवायच्या घाईत आमची सुट्टी रविवारवर ढकलली. बुधवारी मी सिलिंडर भरून आणायला उचलला तर अण्णाच म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं. उद्या कंपनी चालू हाय. लाइट न्हाई जायची.”

मलाही ते पटलं! शेजारच्या काकू, ज्या मी कामावर असताना अण्णांजवळ बसायच्या, त्याही म्हणाल्या, “हो, उद्या कुठला गुरुवार!” कंपनी चालू म्हणजे गुरुवार नाही, हे आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. लाइटवाल्यांना आमच्या कंपनीची सुट्टी काय माहीत? त्यांचा गुरुवार गुरुवारीच आला.

लाइनवर मोबाइल चालत नाही, म्हणून काकूंकडे सुपरवायझरचा नंबर होता. दुपारच्या सुमारास सुपरवायझरच फोन घेऊन माझ्याकडे आले.

“अगं, सकाळपासून लाइट नाही,” काकू म्हणाल्या. “सिलिंडर लावलाय, पण अण्णा काहीतरी बरळतायत. ओठ निळे पडलेत गं.”

“गोळी कुठंय काकू?”

“तळाला. त्यांनीच खाली केलीय. मी वर करायला गेले तर हात धरतात माझा.”

आदल्याच आठवड्यातला सिनेमा आठवला. त्यातल्या हिरोनं उरलेली हवा जास्त वेळ पुरावी म्हणून स्वतःची नळी बारीक केली होती. अण्णा म्हणाले होते, “शाना हाय गडी.” मी भाजी निवडत होते, हूं म्हणून सोडून दिलं होतं.

“त्यांना द्या फोन. अण्णा, काकूंना गोळी वर करू द्या.”

धापा टाकत अण्णा म्हणाले, “न्हाई. थोडाच हाय सिलिंडरात. तू येस्तवर पुरवायचाय.”

“मी निघाले की.”

“रिलीव्हर आला का?”

कुणीही आलं नव्हतं. पट्ट्यावर पार्ट पुढं सरकत होते, सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझा बाप तिकडं श्वास रोखून उत्तराची वाट बघत बसलेला. नाही म्हटलं असतं तर मी लवकर येत नाही असं धरून त्यांनी गोळी हलवू दिली नसती, पक्कं ठाऊक होतं मला.

“आला, अण्णा. त्याच्या हाती मशीन देऊन निघाले.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. आणि मागून काकूंचा आवाज आला, “वर गेली गं, गेली वर!”

“जरा थांबा ताई, माणूस बघतो,” सुपरवायझर म्हणाले. वाईट नव्हते ते. पण मी थांबले नाही. गेटवर जमा केलेला मोबाइल घेऊन रिक्षा धरली, वाटेत ओळखीच्या दुकानदाराला फोन करून भरलेला सिलिंडर घरी पाठवायला सांगितलं. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मला रडू फुटलं. दमले होते हो मी. आईसाठी दमले होते, यांच्यासाठी दमले होते, आणि हे मेले तर कुणावर चिडू, याच्यासाठीही रडत होते.

घरी पोचले तर नवा सिलिंडर लागला होता आणि अण्णा उशीला टेकून बसलेले. ओठांवर रंग आला होता. काकूंनी माझ्या हातात पाणी दिलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी बघितलं तर अंगात कंपनीचा एप्रन, डोक्यावर टोपी, एका हातात ग्लोव्ह तसाच. मशीन रीतसर सोपवून आलेला माणूस असा येत नाही. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आता बोलणार, असं वाटलं. बोलू देत, म्हटलं. मीही आज सगळं काढते बाहेर.

“लाइन थांबली आसंल,” अण्णा म्हणाले.

“थांबली असेल.”

त्यांनी माझ्या हातातला ग्लोव्ह हळूहळू, एकेक बोट सोडवत काढला. मग तो मांडीवर ठेवून आईच्या फोटोकडे बघत म्हणाले, “थांबू दे.”