माझ्या पातेल्यात भात शिजत नाही

भंडाऱ्यातल्या एका हॉटेलच्या मालकाने मला फसवलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही... फुकटची जाहिरात कशाला करू?

करणी, नजर, भूतखेत यातलं मी काही मानत नव्हते. डोक्यावर टोपली घेऊन तुमसरपासून बपेऱ्यापर्यंत जुन्या मोडीवर नवी भांडी विकत फिरले, तेव्हा कुठे भांड्यांच्या ओळीत माझं दुकान उभं राहिलं. नजरेला भ्याले असते तर अजून टोपलीच वाहत असते.

हॉटेल नवं, छोटं, महागडं. तिथल्या पाहुण्यांना मालक स्वतः पायी फिरवतो — खांब तलाव, कोशाच्या रेशमी साड्या, पितळ ठोकणारे कारागीर आणि शेवटी माझं दुकान. एकदा पाहुणे दुकानात असतानाच बपेऱ्याची एक म्हातारी पितळी गुंड विकायला घेऊन आली. पाणी भरायचा, जाड, हातठोकीचा. मालकाची नजर लगेच गेली. रिसेप्शनवर ठेवायचा म्हणाला.

"हॉटेलात नाही देत जी," म्हातारी म्हणाली. "माह्या सासूचा हाये. कोनाच्या घरी पानी भराले जात असन त देतो."

मग मीच घेते म्हटलं. मला खरंच हवा होता.

"आजी, बूड झिजलं ना याचं," मी भाव पाडायला सुरुवात केली.

"बूड नाही झिजलं बाई, तुमचा तराजू झिजला असन."

तिखट होती. भाव ठरला. रिकामं भांडं कोणी कोणाच्या हाती देत नाही, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं. तिने पदराची गाठ सोडली, मूठभर तांदूळ गुंडात टाकले आणि गुंड माझ्या हाती दिला. मी तो तराजूकडे नेला, तर मालकाने मधेच हिसकावला आणि पायरीवर जाऊन उलटा केला.

"पितळेच्या भावात तांदूळ विकून राहिली का आजी?"

तांदूळ नालीच्या काठावर सांडले. पाहुणे हसले. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, तर म्हणतो, "काकू, गंमत समजा ना." म्हातारी खाली बसून दाणे वेचू लागली. शिवी नाही, शाप नाही. माझ्याकडून पैसे घेऊन जाताना एवढंच म्हणाली, "तुमाले देल्ले होते."

"फोटोपुरता नेतो, उद्या आणून देतो," म्हणून मालक गुंड घेऊन गेला. गुंड आजतागायत परत आलेला नाही.

त्यानंतर गिऱ्हाइकं भांडी परत आणू लागली. भात शिजत नाही म्हणे. मी भांडले, कल्हई पुन्हा करून दिली. मग घरीच करून पाहिला. पाणी उकळतं, आटतं, आणि दाणा टाकला तसाच कडक. वरण शिजतं, भाजी शिजते, भात तेवढा नाही. तांदूळ बदलले, गॅस बदलला. शेजारणीचं पातेलं आणून त्याच शेगडीवर तेच तांदूळ टाकले — मऊ मोकळा भात. माझ्या आईला दात नाहीत. ती फक्त भातच खाते. तिचा डबा आता शेजारीण देते आणि गल्लीभर सांगत फिरते.

मी हॉटेलात गेले. गुंडात फुलं खोचली होती. "गेस्टना आवडतो हो," मालक म्हणाला. "दुसरा घ्या ना, तुमचं तर दुकानच आहे."

शेवटी दुकानातलं पातेलं घेऊन बपेऱ्याला गेले. म्हातारीला सगळं सांगितलं, हात जोडले.

"मी काई नाही केलं बाई," ती म्हणाली. "गुंड कोठी हाये?"

"हॉटेलात."

ती उठली. माझंच पातेलं घेतलं, चुलीवर ठेवलं, तांदूळ टाकले. भात शिजला. माझ्यासमोर... माझ्याच पातेल्यात. तिने ताट वाढून घेतलं आणि सावकाश जेवली. आमच्या झाडीपट्टीत दारी आलेल्या परक्यालाही कोणी उपाशी बसवत नाही. मला तिने घास विचारला नाही. पातेलं घासून, पुसून परत दिलं — रिकामं.

"तुमाले एकडाव देऊन पाह्यलं," म्हणाली.

घरी येऊन त्याच पातेल्यात भात टाकला. कडक.

आता मालक पाहुण्यांना माझ्या दुकानासमोर उभं करतो आणि सांगतो, "इथल्या भांड्यात भात शिजत नाही!" लोक फोटो काढतात. विकत कोणी घेत नाही.

हे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. पण तांदूळ कोणी सांडले ते सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं आहे. त्याने दुकानात यावं, पाहुण्यांना घेऊनच यावं. माझ्या पातेल्यात स्वतःच्या हाताने तांदूळ टाकावेत आणि शिजल्याशिवाय उठू नये. नाहीतर माझ्या आईसमोर बसून सांगावं — गुंड त्याच्या हॉटेलात, मग शेजारच्या डब्यावर ही काहून?