मायनर माझ्या मर्जीचं

“बाप माझ्या क्लिनिकची फरशी पुसतो आणि पोरीला डॉक्टर व्हायचंय,” डॉक्टर म्हणाले. हॉलभर हशा. माझे बाबाही हसले.

रविवार होता, सुट्टीचा. कॉलेजात जाणाऱ्या मराठी मुलांना पालकांसकट डॉक्टर दरवर्षी आपल्या दुबईतल्या व्हिलात जेवायला बोलवायचे. जेवणं झाली की एकेकानं उभं राहून मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता, मायनर म्हणजे जोडविषय कोणता, ते सांगायचं. मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमचं कॉलेज अमेरिकन पद्धतीचं. आधी डिग्री, मग मेडिकल.

डॉक्टरांची मुलगी म्हणाली, “बायोलॉजी मेजर, केमिस्ट्री मायनर. देन मेड स्कूल.” टाळ्या. मीही तेच सांगितलं, त्यावरच डॉक्टरांचं ते फरशीचं बोलणं. मार्क मला तिच्यापेक्षा जास्त होते. स्कॉलरशिपही मलाच.

“तुमच्या लोकांना इंडियात कोटा असतो ना? मग इथे कशाला धडपड?” डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं. आमचं गाव, आडनाव, आळी, सगळं तिनं पहिल्याच भेटीत खोदून काढलं होतं.

“तू बिझनेस घे,” डॉक्टर म्हणाले. “मग माझ्या रिसेप्शनला बस. खलास. काय रे, बरोबर ना?”

हे ‘काय रे’ माझ्या बाबांना. बाबा डॉक्टरांहून वयानं मोठे.

“बरोबर साहेब. घेईल ती बिझनेस.”

बाबांचा पासपोर्ट डॉक्टरांच्या कपाटात. आईचा, माझा व्हिसा त्यांच्या शब्दावर. अल कुसैस भागातली आमची राहायची खोलीसुद्धा क्लिनिकची. सगळं ठाऊक होतं. तरी बोलले.

“मी बायोलॉजीच घेणार. आणि माझ्या बाबांना अहो म्हणा.”

कुणी हसलं नाही.

बसमध्ये बाबा म्हणाले, “उद्या जाऊन माफी माग. नायतर गावाला जायची पाळी येईल.”

“तुम्ही हसलात का?”

राग आला मला त्यांचा, भयंकर. मग त्यांचा हात दिसला, पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरलेला. माझा राग तिथून उठला आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला.

सोमवारी कॉलेजात विषय नोंदवायला गेले. बायोलॉजी मेजर लिहून घेतल्यावर सल्लागार बाईंनी विचारलं, “मायनर केमिस्ट्री?”

“समाजशास्त्र.”

“मेडिकलला त्याचा काय उपयोग?”

केमिस्ट्रीचे लागतील तेवढे पेपर मी देणारच होते. पण कष्टकऱ्याला स्वतःच्याच अपमानाला मान डोलवायला कोण शिकवतं, हेही मला शिकायचं होतं. बाईंना एवढंच म्हटलं, “उपयोग मी करीन.”

व्हिसा जायचा तर जाऊ दे. गावी जाऊन शिकेन. माफी मागणार नाही.