कोरमपुरती सही

सेक्रेटरीनं माझ्या हातातनं पेन घेतला आनि खिशातला रुमाल काढून पुसला. माझ्यासमोर. अख्ख्या सोसायटीसमोर. वरपासनं खालपर्यंत नीट पुसला, टोपन लावलं, मग खिशाला अडकवला.

त्याच पेनानं मी आत्ताच रजिस्टरात सही केली व्हती. बिल्डिंगच्या पार्किंगमधी सोसायटीची वार्षिक सभा भरली व्हती आनि कोरमला एक सभासद कमी पडत व्हता. म्हनून मला हाक मारली. "मावशी, इकडे ये. इथे सही कर." मी ओला हात पदराला पुसला. बोट ठेवलं तितं सही केली.

"झालं? जा, आता चहा आण."

मी चहा आनला. सगळ्यांना दिला. खुर्ची मला कुनी दिली न्हाय, आनि खरं सांगते, मी बी मागितली न्हाय. जिन्याच्या कठड्याला टेकून कप गोळा करायची वाट बघत उभी ऱ्हायले. आपली लायकी तेवढीच, असं मला बी वाटायचं की. लोकांनीच शिकवलं असं न्हाय, मी बी शिकले मन लावून.

आता मी कोन ते सांगते. सोलापुरातली चार मजल्यांची जुनी बिल्डिंग. मी तिचा जिना झाडते, कचरा खाली नेते, चार दिवसाआड नळाला पानी आलं की मोटर चालू करते. पन मी नुसती झाडूवाली न्हाय. पार्किंगच्या टोकाची खोली माझी हाय. माझा सासरा हितं पैला वॉचमन व्हता. बिल्डरनं त्याचा पगार थकवला आनि पगाराच्या बदल्यात ही खोली दिली, सभासद म्हनून नाव बी लावलं. सासऱ्यामागं नवऱ्याचं नाव लागलं, नवरा गेला तसं माझं. तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. त्या कागदानं मला कुनी हाकलू शकत न्हाय एवढं ठाऊक व्हतं. त्याच कागदानं मला बोलता बी येतं, हे कुनी सांगितलं न्हाय.

आमची जात त्या बिल्डिंगमधी कुनी कधी विचारली न्हाय. सगळ्यांना ठाऊकच व्हती. माझा चहाचा कप जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर वेगळा असायचा.

माझ्या दाराला लागून एक मोठा खांब हाय. त्याची पुढची बाजू पार्किंगमधी, मागची बाजू माझ्या खोलीत. त्याला भेग गेली. आधी केसाएवढी. मग माझं दार लागंना झालं. नवरा बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा, त्यानं मला शिकवलं व्हतं की खांबाला हातोडीनं हळू ठोकायचं. भरीव वाजला तर ठीक. पोकळ वाजला तर आतलं लोखंड गंजून फुगलंय. मी ठोकून बघितलं. पोकळ. खालपासनं छातीएवढ्या उंचीपर्यंत सगळा पोकळ.

मी सेक्रेटरीला सांगितलं. तो रिटायर झालेला साहेब मानूस, सकाळी पेपर वाचत व्हता. पेपरातनं मान वर न काढता म्हनला, "तुला काय कळतं गं बिल्डिंगमधलं? जिना झाड."

तेवढ्यात महापालिकेचं पत्र आलं. बिल्डिंग जुनी झाली, इंजिनियरकडनं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, म्हंजे बिल्डिंग उभी ऱ्हायच्या लायकीची हाय का ते तपासा. झालं! भांडनं सुरू. वरचे म्हनत, भेग खाली पडलीय, खालच्यांनी भरा. खालचे म्हनत, वजन तुमचं, टाकी तुमच्या डोक्यावर, तुमी भरा. दरमहाचा मेंटेनन्स वाढवायला कित्येक वर्षं कुनी तयार न्हवतं, आनि जो काय निधी जमला व्हता त्यातला निम्मा नव्या गेटात आनि नावाच्या पाटीत गेला व्हता. दोघं जन फ्लॅट विकायला बसले व्हते. ऑडिट वाईट आलं तर गिऱ्हाईक पळनार.

मग सेक्रेटरीला युक्ती सुचली. खांबाला लागून गनपतीचं मंदिर बांधायचं. खांबाला तीन बाजूंनी संगमरवर, समोर कट्टा, कट्ट्यावर मूर्ती. देव फोडून कोन तपासनार?

त्या सभेत मी सही केली ती ह्याच मंदिराच्या ठरावाखाली. सभा त्याच्यासाठीच व्हती. मी वाचलं न्हाय. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, वाचता येतंय की मला. पन वाचायचं सुचलंच न्हाय. सही म्हंजे अंगठ्यासारखीच, बोट दाखवलं तितं करायची. ह्या चुकीची लाज मला पेन पुसल्याच्या लाजंपेक्षा जास्त हाय.

मंदिर झालं. चेअरमनबाईंनी मला समोर उभं करून सांगितलं, "कट्ट्याच्या अलीकडेच झाड. वर चढायचं नाही. फुलं, दिवा, पाणी कशालाच हात लावायचा नाही." मी मान हलवली. पुढनं देव, मागनं भेग, आनि मागं माझी खोली. पोरगी बारावीला हाय. ती भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारायची. दर आठवड्याला रेघेच्या पुढं भेग.

इंजिनियर यायच्या दिवशी सेक्रेटरी स्वतः माझ्या दाराशी आला. पैल्यांदा. लई गोड बोलला. म्हनला, पोरीला घेऊन दुधनीला आईकडे जाऊन ये, एसटीचं भाडं मी देतो. खोलीला कुलूप लाव. मागची भेग इंजिनियरला दिसू नये म्हनून, हे मला कळलं व्हतं का? कळलं व्हतं. तरी मी भाडं घेतलं. सेक्रेटरीला न्हाय म्हनायला तोंड लागतं, ते माझ्यापाशी न्हवतं. दुधनीला आईनं दारातच विचारलं, "याक बंदी?" का आलीस, असं कन्नडात. मी पिशवी तिच्या हातात दिली आनि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पार्किंगमधी चौघांना हसत हसत सांगत व्हता. इंजिनियरनं मंदिरासमोर चपला काढल्या, हात जोडले, आनि म्हनं पुढं निघून गेला. खांब ठीक असल्याचा रिपोर्ट महापालिकेत जमा झाला. मी बाजूलाच झाडत व्हते. मी ऐकलं काय, न ऐकलं काय.

मग ते झालं. दुपारची येळ. पोरगी खांबाला पाठ लावून अभ्यास करत व्हती. खांबाचा ढपला सुटला आनि तिच्या डोक्यात पडला. मी मोटर बंद करायला गेले व्हते. आले तर वही लाल. मी पदर तिच्या डोक्याला दाबला आनि तिला रिक्षात घातलं. सिव्हिल हॉस्पिटलात सहा टाके पडले. डॉक्टर म्हनले, दोन बोटं खाली लागलं असतं तर काय खरं न्हवतं.

ढपला हातात घेऊन मी सेक्रेटरीच्या दारात गेले. गंजलेलं लोखंड चिकटलं व्हतं त्याला.

"तो दगड आधी बाहेर ठेव," तो म्हनला. "फरशीवर ओरखडा पडेल."

मी ठेवला न्हाय. तसा तो आत गेला, रजिस्टर घेऊन आला आनि माझ्यासमोर उघडलं. "पार्किंगमधील खांबास दुरुस्तीची आवश्यकता नाही. दुरुस्ती निधीतून मंदिर बांधण्यास सर्वानुमते मंजुरी." खाली सगळ्यांच्या सह्या. शेवटी माझी.

"सभासद आहेस तू. तूच मंजूर केलंयस. आता कुणाला विचारतेस?"

मी ढपला तसाच हातात धरून जिना उतरले. माझ्याच सहीनं माझ्या पोरीचं डोकं फोडलं व्हतं. महापालिकेत अर्ज घेऊन गेले, तर तितल्या क्लार्कनं फाईल दाखवली. फायलीत खांब ठीक हाय. घर सोडावं म्हनलं तर कुटं जायचं? आमच्यासारख्यांना भाड्यानं खोली देताना आडनाव विचारत्यात, ऐकलं की दार लावत्यात. हितं ऱ्हावं तर डोक्यावर चार मजले. बोलावं तर अख्खी बिल्डिंग रिकामी करायची पाळी येनार, आनि रस्त्यावर सगळ्यात आधी आमीच. मी पोरीचं अंथरून दाराच्या तोंडाशी घातलं, खांबापासनं लांब. एवढंच माझ्या हातात व्हतं. भाकरी थापताना खांबाकडं तोंड करून बसायची मी. पाठ करायला भ्या वाटायचं.

पन एक शब्द डोक्यातनं जाईना. सभासद आहेस तू.

व्हय की. त्यानंच सांगितलं. पंधरा वर्षं मी त्यांचा कोरम भरत आले आनि मला हे सांगायला पोरीचं डोकं फुटावं लागलं.

ह्या वर्षीची सभा भरली. तितंच, मंदिरासमोर. कोरमला परत एक कमी. "मावशी, इकडे ये. सही कर." मी गेले. माझ्या पिशवीत नवऱ्याची हातोडी व्हती. मी रजिस्टराच्या शेजारनं पुढं गेले आनि कट्ट्यावर चढले. चेअरमनबाई ओरडल्या. मी थांबले न्हाय. आधी गनपतीची मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आनि खाली उतरून सेक्रेटरीच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. देवाचं माझं भांडन न्हवतं. त्याला बी खांबामागं लपवायलाच बसवला व्हता.

परत वर चढून पैला घाव घातला. संगमरवराची लादी फुटली. दुसरा. तिसरा. सगळे ओरडत व्हते, धरा तिला, आवरा तिला. पन धरायला कुनी पुढं आलं न्हाय. मला धरायचं तर मला शिवावं लागलं असतं. इतकी वर्षं ज्यानं मला लांब ठेवलं, त्यानंच त्या दिवशी त्यांना लांब ठेवलं.

चौथ्या घावाला लाद्या घसरून खाली आल्या. आत खांब उघडा. भेगेत माझी चार बोटं गेली. लोखंड हातानं सोललं तर पापुद्रे निघत व्हते. पुढचे लोक खुर्च्या मागं सरकवून उठले. लेकरं खेळत व्हती तितं त्यांच्या आया पळाल्या आनि लेकरं उचलून रस्त्यावर नेली.

मी खाली उतरले. रजिस्टर ओढून घेतलं आनि त्यात माझ्या हातानं लिवलं. "खांब फुटलाय. ठराव मला मंजूर न्हाय. मी सभासद." खाली सही केली. पेन पदराला स्वच्छ पुसला आनि सेक्रेटरीच्या हातात दिला.

गोष्ट तितं संपली न्हाय. कुनीतरी फोन केला, महापालिकेचे लोक आले, खांबाला लोखंडी टेकू लावले, बिल्डिंग रिकामी करायची नोटीस गेटावर चिकटवली. लोक घरं शोधत हिंडत्यात आनि जाता-येता माझ्या दारापाशी थुंकत्यात. ह्या बाईनं घरावर नांगर फिरवला म्हनत्यात. माझं पानी तोडलंय. देवाची विटंबना केली म्हनून पोलिसात तक्रार दिलीय. पोरीचे टाके निघाले, पन दुखतंय म्हनते. आमाला खोली अजून मिळाली न्हाय.

काल कमिटीचे तिघं आले. एक कागद टाईप करून आनला व्हता. मला वेडाचा झटका आला व्हता, रागाच्या भरात मंदिर फोडलं, खांब माझ्या हातोडीनं खराब झाला, असं त्यात लिवलं व्हतं. सही केलीस तर तक्रार मागं घेतो, पानी जोडतो, चार महिन्यांचं भाडं बी देतो, म्हनले. सेक्रेटरीनं पेन पुढं केला. ह्या येळी पुसला न्हाय.

मी कागद वाचला. दारात उभी ऱ्हाऊन, सगळा, मोठ्यानं, पोरीला ऐकू जाईल असा. मग घडी घालून परत दिला. पोलीस न्हेऊ देत. रस्त्यावर झोपू. माझ्या सहीनं पोरीचं डोकं एकदा फुटलंय. आता माझी सही माझ्यापाशीच ऱ्हानार.