कोरियाच्या बाजारात हिंगाचं धिरडं

मंदी आली त्या वर्षी आमच्या शारजातल्या बिल्डिंगखालचं पार्किंग अचानक ऐसपैस झालं. माणसं बाडबिस्तरा गुंडाळून आपापल्या देशी निघाली होती. ह्यांची दुबईतल्या देऱ्यातली नोकरी टिकून होती, पण संध्याकाळी जाममधून दमून घरी आले की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग चहा टाकायचे.

समोरच्या दारात एक कोरियन बाई राहायची. माझ्याहून बरीच मोठी, नवरा बांधकामाच्या साइटवर इंजिनीअर. इतक्या वर्षांत आमचं बोलणं 'व्हेरी हॉट टुडे'च्या पुढे गेलं नव्हतं. एका शुक्रवारी सकाळी मी मुगाची धिरडी घालत होते. बेल वाजली. दारात ही, पायात घरातल्या सपाता, डोळे भरलेले. म्हणाली, "हा वास माझ्या आईच्या दुकानातला."

तवा गॅसवर आणि ही दारात रडतेय! "आत ये बाई, धिरडं करपेल," मी चक्क मराठीत ओरडले.

"आई, शी इज क्राइंग," लेकीने टीव्हीवरची नजर न हलवता सांगितलं.

"दिसतंय मला!"

मोडक्या इंग्रजीत, मध्येच इथे शिकलेलं हिंदी घालून तिने सगळं सांगितलं. तिच्या आईचं सोलच्या जुन्या बाजारात दुकान होतं. दुकान म्हणजे एक मोठा तवा, एक बाकडं आणि वर ताडपत्री. मूग भिजवून जात्यावर दळायचे, त्यात किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, आणि मोड आलेले मूग घालायचे आणि थालीपिठाहून जाड धिरडं तेलात तळायचं. बिंदेतोक म्हणतात त्याला. हिच्या केसांना तेलाचा वास येतो म्हणून शाळेत मुली लांब बसायच्या. लग्न ठरल्यावर ही आईला ताडकन म्हणाली, "मेले तरी तुझ्या तव्याला हात लावणार नाही." आई म्हणाली, "मग माझ्या दुकानात पाऊलही टाकू नकोस." तेव्हापासून ही माहेरी जायची, पण बाजारात नाही.

आता साइट बंद पडली होती आणि महिन्याभरात परत जायचं होतं. नवऱ्याला तिकडे नोकरी नव्हती. आईचे गुडघे गेले होते. पोटापाण्याला तेवढं ते दुकान उरलं होतं आणि हिला साधं धिरडं घालता येत नव्हतं. "आईला कुठल्या तोंडाने विचारू?" ती म्हणाली.

"विचारू नकोस. मी शिकवते," मी बोलून बसले. मला तरी कुठे ते बिंदेतोक ठाऊक होतं! पण मी आधी बोलते आणि मग विचार करते.

रोज हे ऑफिसला गेले की ती यायची. मिक्सर गरम व्हायचा, तो थंड होईपर्यंत ती माझ्या टेबलावर बाजार मांडायची. लाटणं म्हणजे तिळाचं तेल काढणाऱ्यांची गल्ली. मीठदाणी म्हणजे सुक्या मासळीच्या राशी. वाटी म्हणजे तिखट लाल रश्श्यात तांदळाच्या पिठाच्या कांड्या शिजवणारी गाडी, तिच्या बाजूला आत साखर आणि दाणे भरलेल्या गोड पोळ्यांची बाई. आणि तांब्या म्हणजे आई. तांब्यापाशी आली की तिचं बोट थांबायचं.

माझ्या हातून धिरडं पातळच पडायचं. ती म्हणायची जाड हवं, मी म्हणायचे कच्चं राहील. आणि हिंग! मुगाचं काहीही असलं की माझा हात आपसूक हिंगाच्या डबीकडे जातो. तिलाही त्याची इतकी सवय झाली की कोरियाला जाताना तिने डबीच मागून घेतली. मी दिली. कोरियात हिंग कोण खाणार, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ते सुचलं ती गेल्यानंतर, आमटीला फोडणी देताना. म्हटलं, कपाळ माझं! आई तर हिला बाजारातून हाकलूनच देईल. पुढचे कित्येक दिवस मुगाला हात लावावासा वाटला नाही.

शेवटी तिचा फोन आला. मागे हा गलका. "तेलाच्या गल्लीतून वळले," ती ओरडून सांगत होती. "मासळी आली. आता लाल रश्श्याची गाडी." मी ओट्याशी उभी राहून तिच्यामागून चालले होते.

"अगं, पण आई काय म्हणाली?"

चालता चालता तिने सांगितलं. पहिल्या दिवशी आईला न विचारताच भर गिऱ्हाइकात हिने धिरडं घातलं. पातळ. हिंगाचा घमघमाट सुटला. आईने नाक मुरडलं. "हे कसलं औषध घातलंस? कुणी शिकवलं?"

"शारजातल्या शेजारणीने. तुला विचारायची लाज वाटली."

आईने तुकडा मोडून खाल्ला, आणखी एक खाल्ला. मग म्हणाली, "तेल फार कमी घालतेस." तेलाची बाटली हिच्या हातात दिली आणि गुडघे धरून बाकड्यावर पलीकडे सरकली.

"थांब हं, पोचले," ती म्हणाली. बाकडं करकरलं. मागून कुणी म्हातारी काहीतरी करवादली. मग तव्यावर चर्र झालं.

"ऐकतेस ना?" तिने विचारलं.

"ऐकतेय गं," म्हटलं, आणि फोन कानाशी धरूनच मुगाचा डबा खाली काढला.